नारळाऐवजी

पनवेल,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्राची,

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला सात वर्षं झाली. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. पाकीट घ्यायला पोस्टात गेले तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कुठे पाठवायचंय. कामोठे म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, रिक्षाने वीस मिनिटं," म्हणाल्या. मी म्हटलं, मला माहीत आहे, माझा सख्खा भाऊ आणि भावजय तिथे राहतात. मग त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनाही भाऊ असावा.

मुद्द्यावर येते. शमुएलचा पाय जुळला. जासईच्या यार्डात शिडीवरून पडल्यावर तो तीन महिने पलंगावर होता आणि तू त्याचं सगळं केलंस, हे तोच मला सांगतो, मी विचारलेलं नसताना. पलंगावर पडल्या पडल्या त्याने आपल्या प्रेषिताला, एलियाहू हनाबीला, मलिद्याचा नवस बोललाय. २८ डिसेंबर, रविवार, माझ्या घरी, कारण आपली बेने इस्रायल माणसं जी काही उरली आहेत ती सिनेगॉगच्या आसपास राहतात. उरलेली इस्रायलला गेली आणि तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर आम्हाला धर्म शिकवतात.

तू त्याला सांगितलंस म्हणे, "तू जा. लियोरा येणार नाही. तिथे तिला खायला काय आहे?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

तुझ्या मुलीला काय चालत नाही त्या, फ्रीजवरच्या यादीचा फोटो मी शमुएलकडून मागवला. त्याला ओरडू नकोस, तो नाही म्हणायला शिकलेला नाही, म्हणून तर आपल्या दोघींना तो पुरला. यादी अशी: दूध, काजू, नारळ. दूध जन्मापासून. काजू ती दीड वर्षाची असताना. नारळ, ती पाच वर्षांची असताना. पहिल्या दोघांशी माझं काही भांडण नाही.

काजूचं सोपं आहे. कलिंगडाच्या बियांचा मगज भिजवून वाटला की रश्शाला तेवढाच दाटपणा येतो आणि खाणाऱ्याला श्रीमंत झाल्यासारखंही वाटत नाही. दुधाचं तर आमच्याकडे अडतच नाही. मटणाबरोबर किंवा मटणावर दूध-दही चालत नाही म्हणून आमच्या बायकांनी शतकानुशतकं सगळं नारळावर निभावलं. मटण नारळाच्या दुधात, खीर नारळाच्या दुधात, सणाचा हलवा नारळाच्या दुधात. लियोराला दुधाची अ‍ॅलर्जी आहे असं कळलं तेव्हा मी तुला म्हटलं होतं, "मग ही आमचीच. आमच्या घराइतकं सुरक्षित घर तिला मिळणार नाही." तू तेव्हा हसली होतीस.

आता नारळच नको म्हटल्यावर पंचाईत आहे. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, साखर, वेलची आणि खवलेला ओला नारळ, वर फळं. यातून नारळ काढला की उरतो तो मुलगी दाखवायचा कार्यक्रम. तरी मी तीन आठवडे प्रयोग करते आहे. दुधी किसून घातला. दुधी दुधीसारखाच लागला, त्याला इलाज नाही. ताडगोळे बारीक चिरून छान लागतील असं वाटलं, पण ते डिसेंबरात मिळत नाहीत, नवस बोलताना शमुएलने हे ध्यानात घ्यायला हवं होतं. शेवटी कोहळा. किसून, घट्ट पिळून, साखरेवर जरा परतून गार केला. पांढरा दिसतो, दाताखाली कुरकुरतो. सामाजीकाकांना वाटीभर नेऊन दिला. त्यांनी डोळे मिटून खाल्ला, ब्याऐंशी वर्षांचा अनुभव पणाला लावला आणि म्हणाले, "चांगलं झालंय. काय आहे?"

मगजाच्या दुधाची सोलकढीही केली. चवीला बरी आहे. रंग मात्र पालिकेच्या दवाखान्याच्या भिंतीसारखा आला.

तर तिला खायला हे आहे. सगळ्यांनाच कोहळ्याचा मलिदा देईन, तिचं ताट वेगळं दिसणार नाही. थोडा डब्यात शमुएलबरोबर पाठवते. चाखून बघ.

लियोराने यावं असं मला वाटतं. एवढंच.

शुलामिथ


पनवेल,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्राची,

पत्राचं उत्तर आलं नाही, पण तुझी आई आली. काल दुपारी, हातात माझा डबा, घासून लख्ख केलेला. मी पाणी पुढे केलं. हौसाबाई ते घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, "पान्याची काय कोनाला अ‍ॅलर्जी नाय." मग खुर्चीत नीट बसल्या. मी ओळखलं की हा डबा पोचवायचा फेरा नाही.

मी विचारलं, "लियोराने खाल्लं?"

"तिनं उघरून पायला. वास घेतला. प्राची बोलली, ठेव. तिनं ठेवला."

"मग डबा रिकामा कसा?"

"मी खाल्ला. बरा हाय. कोहल्याचा जीव तो केवरा, त्याच्याकून तुमी लय काम करून घेतला."

त्या तुझ्या स्वयंपाकघराबद्दल सांगत होत्या. नारळाशिवाय माशाचं कालवण कसं करता म्हणून मी विचारलं होतं, वहीत लिहून घ्यायला पेनही घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "त्यात काय लिवायचा? कांदा भाजायचा, लसून-मिरची वाटायची, चिंच, नि वरून तांदलाचा पीठ कालवून लावायचा. आमच्या आयेच्या घरी रोज खोबरा कोनाला मिलत व्हता? मिठागरावरची मानसं आमी. पोरीचा जेवान काय अरत नाय. दोन भाकरी खाते, बोंबलाचं कालवन वरपते. अरतंय तो दुसरा."

मी पेन खाली ठेवलं.

"नारली पुनवेला समदी पोरा नारलीभात खातान. माझ्या भावाच्या घरी बाविसेक पोरा. ही बाजूला बसते, साधा भात नि गूल खाते. रडत नाय. रडली असती तर बरा झाला असता. तुमच्यात सन आला का तुमचा हलवा बंद, आमच्यात सन आला का आमचा भात बंद. पोरीला दोन-दोन घरा हायेत नि दोनी घरी ती पावनी."

नंतर त्यांनी अगदी सहज विचारलं, पदराला हात पुसत: "तुमी शालेत इज्ञान शिकवता ना, बाय? मंग एक सांगा. पाच वर्सं पोरगी नारल खात व्हती. तुमच्या घरी, माझ्या घरी. एका दुपारी नारल वैरी कसा झाला?"

मी सांगितलं. अ‍ॅलर्जी कधीही सुरू होऊ शकते, शरीर एखाद्या पदार्थाला अचानक शत्रू समजू लागतं, त्याला वयाचं बंधन नाही. फळ्यावर आकृती तेवढी काढली नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आसं," म्हणाल्या.

हे 'आसं' माझ्या वर्गात कुणी म्हटलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. तुझ्या आईला मी रिक्षापर्यंत सोडायला गेले.

त्या गेल्यावर मी तो दिवस पुन्हा मांडून बघितला. तुलाही माहीत आहेच, तरी लिहिते.

सप्टेंबर २०१८, नव्याचा सण, आपल्या वर्षाचा पहिला दिवस. माझ्या घरी चाळीस माणसं. मटण, भात, आणि वर चिकाचा हलवा, जो आपल्यात त्या दिवशी झालाच पाहिजे. गहू भिजवून काढलेला चीक, नारळाचं दूध, साखर, चार तास घोटलेला. लियोराने दोन वड्या खाल्ल्या. तू तिला गॅलरीत नेऊन पर्समधलं चॉकलेट दिलंस, ते चार जणांनी पाहिलं. दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, मग तिला श्वास घेता येईना. शमुएलने तिला उचलून खाली पळत नेलं. हॉस्पिटलात इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवलं, वाचली.

डॉक्टरांनी विचारलं, दूध पोटात कशातून गेलं? तू सांगितलंस, चॉकलेट बिनदुधाचं आहे, मी वाचून घेतलंय. मी सांगितलं, हलव्यात चीक, साखर आणि नारळाचं दूध. डॉक्टर तरुण होते, भले होते. म्हणाले, "तुम्ही दोघीही खरं बोलत असाल तर राहिला नारळ." पुढे चाचणी केली, तीत धड हो नाही, धड नाही नाही. म्हणून खबरदारी म्हणून नारळ बंद. डॉक्टरांनी शिक्षा नारळाला दिली. आपल्या माणसांनी तुला दिली.

त्या कॉरिडॉरमध्ये मी एक वाक्य बोलले होते. "आमच्या घरात मटणाच्या दिवशी दुधाचा थेंब येत नाही." त्यानंतर सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि तू पर्स छातीशी धरलीस.

वरचं सगळं वाचून पाहिलं. डॉक्टरांना मी जे सांगितलं ते सोडलं तर यातलं बहुतेक खरं आहे. उत्तरपत्रिकेत असं दिसलं की मी लाल पेनाने समासात लिहिते: पूर्ण लिहा.

शुलामिथ


पनवेल,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्राची,

पूर्ण लिहिते.

त्या सणाला मी बारा नारळ आणले होते. तीन नासके निघाले. दूध काढून चिकात घातलं, घोटायला घेतलं आणि दोन तासांनी लक्षात आलं की हलवा कोरडा पडतोय, कढईची कड सोडण्याऐवजी कढईला धरतोय. सकाळचे दहा वाजले होते. नारळवाला बंद. फोडून, खवून, वाटून, गाळून दूध काढायला आणखी एक तास, आणि मटणाला अजून फोडणीही नव्हती. मी गॅस बारीक केला आणि स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानातून नारळाच्या दुधाची पावडर घेऊन आले. पाकिटावर समोर नारळाचं चित्र होतं, अर्धा फोडलेला, खूप पांढरा. मागे काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. नारळाच्या दुधात नारळाचं दूधच असणार, असं मला वाटलं. माझ्या जागी आपल्यातली कुठलीही बाई असती तरी तिला हेच वाटलं असतं. आमच्या घरात नारळ म्हणजेच दूध नसणं. नारळावर कोण संशय घेतो?

हलवा छान झाला. त्या वर्षीचा सगळ्यात छान, असं सामाजीकाका म्हणाले.

हॉस्पिटलातून संध्याकाळी मी कपडे आणायला घरी आले तेव्हा कचऱ्याच्या डब्यातून ते पाकीट काढलं आणि मागची अक्षरं वाचली. सोडियम केसिनेट. दुधातलं प्रथिन. पावडर पाण्यात नीट मिसळावी म्हणून घालतात. मी नववीला प्रथिनं शिकवते. पाकीट मी चार तुकड्यांत कापलं आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत टाकलं. इतकं डोकं चाललं माझं.

म्हणजे तू खरं बोलत होतीस. तुझ्या चॉकलेटात काही नव्हतं. नारळातही काही नव्हतं. जे होतं ते माझ्या कढईत होतं.

कॉरिडॉरमधलं ते वाक्य मी पाकीट वाचायच्या आधी बोलले की नंतर, हे तू विचारशील. नंतर. कपडे घेऊन परत आल्यावर. डॉक्टर मग पुन्हा आले, त्यांना मी चीक, साखर, नारळाचं दूध म्हणून सांगितलं, तेही नंतर.

का, हेही लिहायला हवं. पोरगी तोवर धोक्याबाहेर होती. म्हणून मला मोकळेपणाने दुसऱ्या गोष्टीची भीती वाटू शकली. मी चाळीस माणसांना मटणावर दूध वाढलं होतं. सामाजीकाकांनी दोनदा मागून घेतलं होतं. पनवेलमध्ये आपण मूठभर माणसं, आणि शुलामिथ आपटेकरच्या घरचं पाणीही डोळे मिटून प्यावं अशी माझी ख्याती. एकीकडे ती ख्याती आणि दुसरीकडे तू. तू आगरी, कामोठ्याची, रजिस्टर लग्न करून आलेली, पर्समध्ये चॉकलेट घेऊन हिंडणारी. तुझ्यावर ढकलायला मला काही करावंच लागलं नाही. उतारच होता.

नारळ बंद झाला हे महिनाभराने कळलं. तेव्हा सांगता आलं असतं. मी स्वतःची अशी समजूत घातली की पर्याय पुष्कळ आहेत. मगज आहे, तीळ आहेत, ओटचं दूध आहे. एक नारळ नाही खाल्ला तर काय होतं? मग दर सणाला हे म्हणायची सवय झाली. सात वर्षं मी तुझ्या मुलीला नारळाऐवजी काय द्यायचं याचा विचार करत बसले. नारळ द्यायचा विचार सोडून.

क्षमा मागत नाही. मागितली की द्यायची का नाही हे काम तुझ्या गळ्यात येतं, आणि तुला आधीच कामं पुष्कळ आहेत. डॉक्टरांना हे पत्र दाखव. पण घरी म्हणून काही चाखवू नकोस, मी सांगतेय म्हणून तर मुळीच नको. त्यांच्या समोर, त्यांच्या पद्धतीने.

शुलामिथ


पनवेल,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्राची,

तुझं उत्तर मिळालं. सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, अजूनही 'र' चा पाय लांब काढतेस. चार ओळींचं पत्र आहे. मी ती इथे पुन्हा लिहिते, म्हणजे मला ती टाळता येणार नाहीत.

"ताई, मला सांगून काय मिळालं? चॉकलेटमध्ये दूध नव्हतं हे मला तेव्हापासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा, सगळे बसलेले असताना. लियोराला तुमचं पत्र मी वाचून दाखवलं आहे."

शेवटची ओळ मी तीनदा वाचली. मग कुकर लावला.

त्यानंतर मी लगेच पर्याय शोधायला लागले. सामाजीकाकांना एकट्याला गाठून सांगावं, ते बाकीच्यांना सांगतील. नाहीतर शमुएलने सांगावं, त्याचं कुणी मनावर घेत नाही. किंवा पत्राच्या झेरॉक्स काढून वाटाव्यात. कोहळ्यापेक्षा बरे पर्याय होते. एकही चालणार नाही हे तुला माहीत होतं, म्हणूनच 'सगळे बसलेले असताना' असं तू लिहिलंस.

शमुएलचा काल हॉस्पिटलातून फोन आला. तू शेजारीच असशील, कारण तो फार हळू बोलत होता. आधी नारळाचा कण ओठाला लावून ठेवला, मग वाटाण्याएवढा, मग चमचाभर, मग चार चमचे, दर वेळी मध्ये वीस मिनिटं थांबून, इंजेक्शन हाताशी तयार ठेवून. अर्धा दिवस गेला. काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, नारळाला काही हरकत नाही, दूध आणि काजू पूर्वीसारखे बंद.

मी विचारलं, "ती काय म्हणाली?"

"कोण?"

"लियोरा. नारळ खाल्ल्यावर."

तो म्हणाला, "साबणासारखा लागतो म्हणाली."

आणि उरलेला नारळ तुझ्या आईने डॉक्टरांच्या देखत संपवला, असंही त्याने सांगितलं.

मी हसले, आणि हसताना लक्षात आलं की यात हसण्यासारखं काय आहे ते मला ठरवता येणार नाही. पाचव्या वर्षी ज्या मुलीने हलव्याच्या दोन वड्या मागून घेतल्या तिला बाराव्या वर्षी नारळ साबणासारखा लागतो. ही आवड मी घालवली. डॉक्टरांकडे याची चाचणी नाही.

२८ तारखेला मी सांगेन. तू ये किंवा येऊ नकोस, त्यावर माझं सांगणं अवलंबून नाही. हे लिहायला सोपं आहे, हे मला कळतं.

शुलामिथ


पनवेल,
मंगळवार, ३० डिसेंबर २०२५

प्राची,

तू आली नाहीस. पण तू लियोराला पाठवलंस, ते मी अपेक्षिलं नव्हतं. तुझ्या आईचा हात धरून ती आत आली, म्हणजे खरं तर तुझी आई तिचा हात धरून. उंच झालीये. तिच्या पाठीवर दप्तर होतं आणि दप्तरात तिचा डबा आणि इंजेक्शन, हे तिने चपला काढतानाच मला सांगितलं. सूचना दिल्यासारखं. बरोबर केलं.

झालं ते लिहिते. साक्षीला तुझी आई आणि मुलगी होत्या, माझ्या शब्दावर विसंबू नकोस.

तेवीस माणसं होती. सामाजीकाकांनी प्रार्थना म्हटली. ताटं वाटायच्या आधी मी उभी राहिले. शमुएलने जमिनीकडे पाहिलं. मी वर्गात बोलते त्या आवाजात बोलले, कारण दुसरा आवाज माझ्याकडे नाही. २०१८ च्या सणाचा हलवा, पावडरचं पाकीट, त्यातलं दुधाचं प्रथिन, पाकीट कापून टाकणं, आणि तू खरं बोलत होतीस हे. चार-पाच वाक्यांत संपलं. मला वाटलं होतं, जास्त वेळ लागेल.

कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, "मटणावर दिला होता ना तो हलवा?"

मी हो म्हटलं.

"लगेच?"

"अर्ध्या तासाने."

आणि मग सगळे त्यावरच बोलायला लागले, प्राची. अजाणता खाल्लं तर दोष कुणाला, खाणाऱ्याला की वाढणाऱ्याला. पावडरीत दूध म्हणजे दूधच का. इस्रायलमधल्या, अशदोदच्या भाच्याला व्हॉट्सअ‍ॅप करून विचारू या. एकीने तर स्वतः त्या दिवशी किती वड्या खाल्ल्या होत्या ते बोटांवर मोजलं. हॉस्पिटलचं नाव कुणी काढलं नाही. तुझी आई मला म्हणाली, पुरेशी मोठ्याने: "बाय, या मानसांना पोरीचा सांगा परत. त्यांना नुसता मटनाचा ऐकू आला."

मी परत सांगितलं. या वेळी तुझं नाव आधी घेतलं. पोरगी मरता मरता वाचली, माझ्या हाताने. दोष प्राचीने सात वर्षं वाहिला, आणि तिला तो मी दिला.

सामाजीकाकांनी हात वर केला तेव्हा गप्पा थांबल्या. ते म्हणाले, "त्या दिवशी मी तिला काही बोललो होतो. हॉस्पिटलात. काय बोललो होतो?"

कुणालाच आठवत नव्हतं, किंवा सगळ्यांना आठवत होतं. मी सांगितलं. "तुम्ही म्हणाला होतात, बाहेरची आणली की असं होतं."

त्यांनी पोह्यांची परात जरा बाजूला सारली. मग शमुएलला विचारलं, "कामोठ्याला कुठल्या सेक्टरात राहता?" त्याने सांगितलं, आणि तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही, हेही सांगितलं. "येईन," म्हणाले. "हळूहळू चढेन." तर ते येतील. त्यांना चहा दे किंवा देऊ नकोस.

काही जण ताट न घेता निघून गेले. माझ्या घरचं पाणी आता डोळे उघडे ठेवून पितील, त्याला माझी हरकत नाही. सवय सगळ्यांनाच बरी.

मग लियोरा स्वयंपाकघरात आली. मलिदा दोन परातींत होता. नारळ आता तिला चालतो, म्हणून एक खऱ्या नारळाचा, आणि तिला तो साबणासारखा लागतो, म्हणून एक कोहळ्याचा. ती कोहळ्याच्या परातीपाशी उभी राहिली.

"आत्या, यात काय काय आहे?"

मी सांगितलं.

"पोह्यांचं पाकीट दाखव."

दाखवलं. तिने मागची बाजू वाचली, अगदी तळापर्यंत, बोट ठेवून. साखरेचंही वाचलं. कोहळा तिने स्वतः बघितला, उरलेला अर्धा ओट्यावर होता.

"आणि वेलची?"

"वेलची सुटी आणली. कोपऱ्यावरच्या दुकानातून."

"तिथे काजू पण सुटे मिळतात?"

"मिळतात."

"वेलचीला आणि काजूला वेगळा चमचा वापरतात का?"

मी त्या दुकानात वीस वर्षं जाते. तो दुकानदार सज्जन आहे, दुकान स्वच्छ आहे. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. तुझ्यासारखं बघते ती, हनुवटी किंचित खाली घेऊन. मग "ओके" म्हणाली आणि ताट ओट्यावर ठेवून दिलं. रागाने नाही. दाराला कुलूप आहे का हे बघून माणूस पुढे जातो, तसं.

मला वाटलं होतं, ती आता दप्तर उचलेल. तिने फळांच्या टोपलीतून एक केळं घेतलं, ते उलटसुलट करून पाहिलं, सोललं, आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून खाल्लं. शाळेबद्दल बोलली. विज्ञानाला तिला कुणी पाटील सर आहेत, ते सगळं फळ्यावर लिहून देतात आणि समजावत काही नाहीत. मी म्हटलं, काही अडलं तर मला विचार. ती म्हणाली, बघते.

केळं संपलं तेव्हा मी टोपली तिच्याकडे सरकवली. सोलायला हात लावला नाही. तिने दुसरं घेतलं.

शुलामिथ